एका कलमापायी अडलेला बंदर-आदेश: प्रकरण अभ्यास

हे प्रकरण इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या एका छोट्या बंदराने आपला जुना कायदा बदलून घेण्याचं आहे. बंदराचं नाव देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मर्चंट नेव्ही सोडल्यावर मी तिथे काही वर्षं डेप्युटी हार्बर मास्टर होतो. कागद जुळवण्यापासून शिव्या खाण्यापर्यंत या प्रकरणातली बरीच कामं माझ्या वाट्याला आली. हा सगळा काळ २०१३ नंतरचा आणि २०२३ आधीचा. ही दोन सालं का सांगतो आहे ते पुढे येईल.

पार्श्वभूमी

नदी समुद्राला मिळते तिथे हे बंदर. दगडी धक्का, त्याच्या पोटाशी मासेमारीच्या मोजक्या होड्या, उन्हाळ्यात शिडाच्या होड्यांची दाटी, आणि वरच्या अंगाला खाडीचा एक फाटा, जिथे ओहोटीला नुसता चिखल उरतो. माड सोडले तर कोकणातल्या माणसाला सगळं ओळखीचं वाटावं.

या प्रकारच्या बंदराला तिथे ट्रस्ट पोर्ट म्हणतात. त्याला मालक नसतो, भागधारक नसतात. जे उत्पन्न येईल ते बंदरातच घालायचं. आपल्याकडच्या देवस्थान ट्रस्टशी तुलना केली तर फार चुकणार नाही: उत्पन्न देवाचं, विश्वस्त नुसते राखणदार.

अशा बंदराला जे काही अधिकार असतात ते त्याच्या स्वतःच्या कायद्यातून येतात. हद्द कुठपर्यंत, मंडळावर कोण बसणार, कर्ज किती काढायचं, कुणाला दंड करायचा, सगळं त्यात. आमचा कायदा एकोणिसाव्या शतकात संसदेने केवळ या एका बंदरासाठी केलेला होता. तीच ती कलमं प्रत्येक बंदरासाठी नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून १८४७ मध्ये हार्बर्स, डॉक्स अँड पिअर्स क्लॉजेस ॲक्ट झाला होता. त्यातली तयार कलमं उचलून आमच्या कायद्याला जोडलेली होती. म्हणजे ही प्रक्रिया सोपी करण्याचा खटाटोप पावणेदोनशे वर्षांचा आहे. १८६१ मध्ये तात्पुरत्या आदेशाची सोय आली, पण त्यावर संसदेची मोहोर लागायचीच. खरी उडी १९६४ च्या हार्बर्स ॲक्टने मारली. त्याच्या १४ व्या कलमाखाली बंदराने अर्ज करायचा आणि मंत्र्याने आदेश काढायचा. त्या आदेशाने संसदेने केलेला जुना स्थानिक कायदासुद्धा बदलता येतो. याला हार्बर रिव्हिजन ऑर्डर म्हणतात. २०१० पासून इंग्लंडपुरतं हे काम न्यूकॅसलच्या मरीन मॅनेजमेंट ऑर्गनायझेशन या सरकारी संस्थेकडे सोपवलेलं आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ते तिथल्या मंत्र्यांकडे असतं.

‘आदेश’ या शब्दाने आपली थोडी फसगत होते. इथे कुणी कुणाला हुकूम सोडत नाही. हा आदेश म्हणजे बंदराने स्वतःसाठी मागून घेतलेला कायदा. आपल्याकडे १९०८ च्या इंडियन पोर्ट्स ॲक्टखाली सरकार राजपत्रात अधिसूचना काढून बंदराची हद्द बदलू शकत असे. तिथे मात्र पहिलं पाऊल बहुतेक वेळा बंदरालाच टाकावं लागतं, आणि मसुदाही बंदरानेच लिहून न्यायचा असतो. हा फरक लक्षात आला नाही तर पुढचा सगळा घोळ कळणार नाही.

अडचण काय होती

एका रविवारची गोष्ट. गावातली पोरं वल्ह्याच्या होड्या घेऊन सरावाला उतरली होती आणि त्यांच्या मधून एक जेट स्की लाटा उडवत गेली. मी गस्तीची बोट आडवी घातली, वेगमर्यादा सांगितली. त्या गृहस्थाने अतिशय सभ्यपणे विचारलं, “कुठल्या कायद्याने?”

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते मलाच पटत नव्हतं.

आमच्या उपविधींत, म्हणजे बंदराने स्वतः केलेल्या नियमांत, वेगमर्यादा होती, पण ती ‘नौकानयनात वापरल्या जाणाऱ्या’ बोटींना. जेट स्की अशी बोट आहे का? २००५ मध्ये वेमथजवळच्या एका अपघाताच्या खटल्यात, आर विरुद्ध गुडविन, अपील न्यायालयाने मर्चंट शिपिंगच्या कायद्यापुरतं उत्तर दिलं होतं: नाही. कुठून कुठे जायचं नसताना पाण्यावर गरागरा फिरणं म्हणजे नौकानयन नव्हे. गंमत अशी की १८४७ च्या कायद्यातली व्याख्या कितीतरी ऐसपैस आहे. तिच्यात ‘हर प्रकारचं जलवाहन’ बसतं. शब्द आकसले ते नंतर. आमचे उपविधी ज्याने लिहिले त्याने नेमके आकसलेले शब्द घेतले होते.

हार्बर मास्टर म्हणून तोंडी सूचना देण्याचा अधिकार १८४७ च्याच ५२ व्या कलमात आहे. पण ती त्या वेळेपुरती, त्या बोटीपुरती. दर शनिवार-रविवारी प्रत्येकाला गाठून तेच सांगायचं, तर उन्हाळाभर तेवढंच काम.

बाकीच्या अडचणींना आवाज नव्हता, पण वजन होतं. मंडळाचे सभासद गावातल्या करदात्यांनी निवडायचे अशी जुनी तरतूद. निवडणुकीला उभं राहायलाच कुणी मिळत नव्हतं, त्यामुळे तीच मंडळी वर्षानुवर्षं. कर्जाची मर्यादा शिलिंगाच्या जमान्यातली, तेवढ्यात तरंगत्या जेट्टीचा एक तुकडाही आला नसता. आणि हद्द: नदीच्या वरच्या अंगाला ती ‘चुन्याच्या भट्टीपर्यंत’ होती. भट्टी कधीच ढासळली होती. भट्टीच्या पलीकडे, खाडीच्या फाट्यात, लोकांनी होड्या बांधायला खासगी मुरिंग टाकली होती आणि त्यांच्यावर कुणाचीच देखरेख नव्हती.

शिवाय पोर्ट मरीन सेफ्टी कोडचं ओझं होतं. १९९६ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तोंडाशी सी एम्प्रेस टँकर खडकावर चढला आणि सुमारे ७२,००० टन कच्चं तेल समुद्रात गेलं. त्यानंतर २००० मध्ये हा कोड आला. तो कायदा नाही, पण आपल्या अधिकारांचा आढावा घ्या, ते धोक्याला पुरे पडतात का ते पाहा, असं तो प्रत्येक बंदराला सांगतो. आम्ही आढावा घेतला. पुरे पडत नव्हते.

कोणते पर्याय समोर होते

संसदेत स्वतःचं खासगी विधेयक नेणं हा सर्वात जुना मार्ग. ती विधेयकं दरवर्षी २७ नोव्हेंबरपर्यंत दाखल करावी लागतात आणि त्यांचा खर्च आमच्यासारख्या बंदराच्या आवाक्यातला नसतो. दोन मिनिटांत हा पर्याय बाजूला पडला.

उपविधी नव्याने लिहिता आले असते. ते स्वस्त, पण प्रत्येक बदलाला वाहतूक मंत्र्याची मान्यता लागते. आणि उपविधींनी ना मंडळ बदलतं, ना हद्द.

तिसरा पर्याय सर्वात मोहात पाडणारा होता, आणि मंडळाची पहिली बैठक त्याच्यावरच खर्ची पडली. २०१३ च्या मरीन नॅव्हिगेशन ॲक्टने १९६४ च्या कायद्यात ४० ए ते ४० डी ही कलमं घातली. साऊथ ईस्ट कॉर्नवॉलच्या तेव्हाच्या खासदार शेरिल मरे यांनी मांडलेलं हे विधेयक. त्यामुळे मंत्र्याने नियुक्त केलेल्या बंदराला ‘हार्बर डायरेक्शन्स’ काढता येतात: जहाजांची ये-जा, बांधणं-सोडणं, साधनसामग्री, खलाशी, या चार बाबींवर. सल्लामसलत करायची, जाहीर करायचं, झालं. मंत्र्याची मान्यता लागत नाही. सुलभीकरण म्हणतात ते हेच, असं आमच्या अध्यक्षांचं म्हणणं. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

दोन गोष्टींनी थांबवलं. एक तर आधी नियुक्तीचा आदेश हवा, आणि तो कधी निघेल हे बंदराच्या हातात नसतं. दुसरी जास्त गंभीर. या डायरेक्शन्स ‘शिप’ला लागू होतात आणि १९६४ च्या कायद्यातली शिपची व्याख्या पुन्हा ‘नौकानयनात वापरलं जाणारं’ अशीच आहे. ज्या एका यंत्रापायी आम्ही कायद्याची पुस्तकं उघडली होती, तेच यंत्र निसटण्याची शक्यता. सॉलिसिटर बाईंनी एका वाक्यात सांगितलं, “सोपा रस्ता आहे, पण तो तुमच्या घरी जात नाही.”

उरला रिव्हिजन ऑर्डर. त्यात आमची स्वतःची व्याख्या लिहिता येणार होती, जेट स्कीचा स्पष्ट उल्लेख करून. सर्वसाधारण सूचना, म्हणजे एकदा काढून सगळ्यांना लागू राहणाऱ्या सूचना, काढण्याचा कायमचा अधिकार घेता येणार होता. मंडळ, कर्ज, जुन्या कलमांची साफसफाई, सगळं एकाच कागदात. इथवरचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

काय केलं

चूक झाली ती पुढच्या पायरीवर, आणि तीसुद्धा काटकसरीच्या नावाखाली. मसुद्याचं काम चालूच आहे, वकिलाला पैसे द्यायचेच आहेत, तर हद्दही वाढवून घेऊ, असं ठरलं. लग्नाच्या मांडवात मुंजही उरकून घ्यावी, तसं. भट्टीऐवजी अक्षांश-रेखांशांनी बांधलेली हद्द, आणि ती खाडीच्या फाट्यात पार वरपर्यंत. बैठकीत याला कुणी विरोध केला नाही. मीही नाही.

अर्जासोबत एक निवेदन जोडावं लागतं. मसुद्यातलं प्रत्येक कलम कशासाठी आणि कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या कोणत्या उद्दिष्टात बसतं, हे त्यात सांगायचं. बंदराची सुधारणा, देखभाल किंवा कारभार कार्यक्षम आणि काटकसरीचा व्हावा यासाठी हा आदेश इष्ट आहे, असं मंत्र्याच्या जागी बसलेल्या अधिकाऱ्याला पटावं लागतं. हे काम किचकट, पण फार शिकवणारं. कर्जाच्या कलमाचं समर्थन अर्ध्या पानात झालं. हद्दीचं समर्थन लिहायला बसलो तेव्हा तीन मसुदे फाडले, कारण खाडीच्या त्या फाट्यात आम्ही नक्की काय करणार आहोत हे आमचं आम्हालाच माहीत नव्हतं. लिहिताना हात अडखळतो तिथेच थांबायला हवं होतं.

अर्जाआधीची सल्लामसलत आम्ही केली, पण कुणाशी? दीपस्तंभ सांभाळणारं ट्रिनिटी हाऊस, मेरिटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सी, निसर्गरक्षण पाहणारं नॅचरल इंग्लंड, ज्यांच्या मालकीच्या तळावर बरीचशी खाडी आहे ते क्राउन इस्टेट, होडीवाल्यांच्या संघटना. पत्रं गेली, उत्तरं आली. भट्टीच्या पलीकडे ज्यांच्या घरांची अंगणं पाण्याला टेकतात त्या दहा-बारा कुटुंबांकडे कुणी गेलं नाही. ती हद्दीबाहेर होती ना!

पुढे रीतसर सूचना निघाली. लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात एकदा, स्थानिक वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे. मसुदा आणि नकाशा बंदराच्या कचेरीत पाहायला ठेवला. आक्षेपांना ४२ दिवस.

पहिले काही दिवस शांत गेले. मग फाट्याकडच्या घरांतून पत्रं यायला लागली, एकाच हाताने लिहिल्यासारखी. आमच्या मुरिंगवर आता बंदर भाडं लावणार. आजोबांच्या वेळेपासूनची जागा, आता परवाना मागायला लावणार. भाडं लावण्याचा विचार मंडळात झालाच नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण मसुदा वाचणाऱ्याला आमच्या मनातलं कसं कळावं? कागदावर अधिकार होता, एवढंच त्यांना दिसलं, आणि त्यांचं वाचन चूक नव्हतं.

दुसरा आक्षेप मच्छीमारांचा. जुन्या निवडणुकीत त्यांचा एक माणूस हमखास मंडळावर यायचा. नव्या रचनेत सभासद कौशल्य पाहून नेमायचे होते: हिशेब, कायदा, नौकानयन. एक वयस्क मच्छीमार माझ्या टेबलासमोर टोपी काढून बसले. म्हणाले, “हिशेब येणारा माणूस तुम्हाला पेपरात जाहिरात देऊन मिळेल. हिवाळ्यात पहाटे चार वाजता या नदीच्या तोंडावर काय होतं ते माहीत असलेला कुठून आणणार?” हे सरळ सरळ खरं होतं.

निर्णयाचे दोन क्षण

मच्छीमारांचा प्रश्न तुलनेने चटकन सुटला. व्यापारी मासेमारीचा अनुभव हे नेमणुकीच्या कौशल्यांमध्ये नावानिशी घातलं, आणि बंदर वापरणाऱ्यांची सल्लागार समिती नेमणं व तिचं म्हणणं विचारात घेणं मंडळावर बंधनकारक करणारं कलम वाढवलं. सूचना काढण्याच्या अधिकारावर होडीवाल्यांचाही आक्षेप होता. त्या अधिकाराला एक लगाम घातला: सल्ला घ्यायच्या संघटनांपैकी कुणी हरकत घेतली आणि मागे घेतली नाही, तर बाहेरच्या स्वतंत्र व्यक्तीचा अहवाल मागवायचा. असं कलम इतर बंदरांच्या आदेशांतही आढळतं. अध्यक्षांना ते हात बांधल्यासारखं वाटलं. माझ्या मते ते कलम नसतं तर होडीवाल्यांचा आक्षेप शेवटपर्यंत राहिला असता.

हद्दीचा तिढा वेगळा. आक्षेप मागे घेतला गेला नाही तर पुढे सुनावणी किंवा जाहीर चौकशी. तिथे वकील, साक्षी, पैसा आणि मुख्य म्हणजे वेळ. आदेश हा एक अखंड कागद आहे. हद्दीचं कलम अडलं की जेट स्कीचं अडतं, कर्जाचं अडतं, मंडळाचं अडतं. ज्यांवर कुणाचाच आक्षेप नव्हता अशी वीस-बावीस कलमं एका नकाशामागे रांगेत उभी राहिली होती. मधल्या काळात एक उन्हाळा गेला आणि तरंगत्या जेट्टीच्या बोलीची मुदतही संपली.

मंडळात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, चौकशी होऊ द्या, आपली बाजू न्याय्य आहे. दुसरी बाजू म्हणाली, हद्दीचं कलम काढून टाका, बाकीचं पदरात पाडून घ्या. मी कलम काढण्याच्या बाजूने बोललो. मतदान झालं, कलम गेलं, सुधारित मसुदा पाठवला. जुन्या भट्टीची रेषा तशीच राहिली. फक्त ढासळलेल्या दगडांऐवजी नकाशावर दोन अचूक बिंदू आले.

काय निष्पन्न झालं

आदेश निघाला. उच्च न्यायालयात आव्हान देण्यासाठी असलेली सहा आठवड्यांची मुदत कुणी काही न करता संपली. पहिल्या अर्जापासून मोजलं तर दोन वर्षांहून बराच जास्त काळ गेला होता. जुन्या कायद्याची बहुतेक कलमं रद्द झाली. नवं मंडळ नेमलं गेलं, त्यात एक मच्छीमार आहे. कर्ज मिळालं, जेट्टी झाली, अर्थात आधीच्या बोलीपेक्षा महाग.

सर्वसाधारण सूचनांचा पहिला संच सल्लागार समितीपुढे ठेवला तेव्हा वाटलं होतं त्याहून कमी वाद झाला. वेगमर्यादेत जेट स्की नावानिशी आली. पुढच्या उन्हाळ्यात “कुठल्या कायद्याने?” असं कुणी विचारलं की माझ्याकडे छापील कागद असायचा.

पण पाण्याला रेषा कळत नाही आणि जेट स्कीवाल्यांना ती फार लवकर कळली. गावातल्या उतारावरून पाण्यात जाणं बंद झालं; ते फाट्याच्या टोकाकडून, भट्टीच्या पलीकडून उतरायला लागले. तिथे आमचा कागद चालत नाही. २०२३ मध्ये मर्चंट शिपिंगचा वॉटरक्राफ्ट ऑर्डर आला आणि बेदरकारपणे जेट स्की चालवणाऱ्यावर जहाजाच्या कप्तानासारखा फौजदारी खटला भरता येऊ लागला. गुडविनने पाडलेलं भोक देशभरासाठी बुजलं. तरी रोजची वेगमर्यादा, पोहणाऱ्यांपासूनचं अंतर, पाण्यात उतरायची जागा या बारीक गोष्टी अशा खटल्याने सांभाळल्या जात नाहीत. त्या बंदरानेच सांभाळायच्या, आणि त्या हद्दीच्या आतच सांभाळता येतात.

आज काय वेगळं केलं असतं

कलम काढण्याचा निर्णय चुकला का? त्या दिवशी, त्या परिस्थितीत, नाही असंच मी अजून म्हणतो. चूक आधीची होती. हद्दीचं कलम पहिल्या अर्जात घालायलाच नको होतं. दोन अर्ज, दोन खर्च, हे हिशेबाच्या वहीत उधळपट्टी दिसतं. पण अडलेल्या आदेशाचा खर्च वहीत कुठल्याच रकान्यात दिसत नाही: जेट्टीची वाढलेली किंमत, एक वाया गेलेला उन्हाळा, शेजाऱ्यांशी आलेला दुरावा.

कायदा सोपा करण्याविषयी जी चर्चा होते ती बहुतेक वरच्या टोकाची असते: अधिकारी किती, टप्पे किती, मुदत किती. त्यात सुधारणेला जागा आहेच. आमच्या प्रकरणात मात्र तो ४२ दिवसांचा टप्पा मला अडथळा वाटत नाही. त्याने आम्हाला एक गोष्ट सांगितली, जी आम्ही आधी एक संध्याकाळ खर्च करून स्वतःच ऐकू शकलो असतो. नकाशा गुंडाळून काखेत घ्यायचा, ओहोटीच्या वेळी फाट्याच्या काठाने चालायचं, दर अंगणात थांबायचं. आणि भाडं लावायचं नव्हतं, तर ‘सध्याच्या खासगी मुरिंगवर शुल्क नाही’ हे मसुद्यातच लिहायचं. तोंडी आश्वासन चौकशीत कुणी धरत नाही, आणि पुढचं मंडळ ते पाळेलच असंही नाही.

२०१३ चा मार्ग आम्ही सोडला ते योग्य होतं, पण त्याचं कारण आमचं स्वतःचं, जेट स्कीचं होतं. ज्या बंदराची अडचण मोठ्या बोटींच्या ये-जेची आहे, ज्याचं मंडळ आणि कर्ज ठीक आहे, त्याने रिव्हिजन ऑर्डरच्या वाटेला जाऊच नये असं मी सांगेन.

मी ते काम सोडून आता बराच काळ झाला. जुने सहकारी कधीतरी बोलतात. सध्याच्या मंडळाने नवा मसुदा तयार केला आहे, त्यात एकच विषय आहे, हद्द. या वेळी नकाशा काढायला फाट्यावरच्या घरांतले दोघे जण मंडळाच्या लोकांबरोबर गेले होते. त्यातले एक तेच, ज्यांचं पत्र पहिल्यांदा सर्वात कडक आलं होतं. उन्हाळ्यात त्यांच्या दारासमोर जेट स्की फिरायला लागल्यावर बंदराच्या कचेरीत सर्वात जास्त फोन त्यांचेच येत होते, आणि दर वेळी त्यांना एकच उत्तर द्यावं लागत होतं: तुमचं अंगण आमच्या हद्दीबाहेर आहे.